वत्सला परब, बचावासाठी हजर

प्रिय ईरा आणि निहार,

परवा फोनवर ईरा समुद्रकिनाऱ्यावर दिसली. कामाच्या दिवशी तिथे कशी, असं मी विचारलं तर म्हणाली, "आजी, ऑफिसला पोट दुखतंय म्हणून कळवलंय." मागे निहार पोट धरून हसत होता. मी रागावले नाही, हे आधी स्पष्ट करते. त्या किनाऱ्यावरचं ऊन पाहून मीसुद्धा पोटदुखी कळवली असती. पण फोन ठेवल्यापासून मला वत्सला परब आठवत राहिल्या आहेत. तुम्ही दोघं आता नोकरी करायला लागलात, तेव्हा त्या तुम्हाला ठाऊक असाव्यात, असं वाटलं.

माझ्या सवयीप्रमाणे मी हे क्रमवार लिहायला बसले होते: जन्म, शिक्षण, नोकरी, निवृत्ती. अर्ध्या पानावर थांबले. वत्सलाबाई क्रमात बसत नाहीत. त्या कुठेच नीट बसत नसत. खुर्चीतसुद्धा एक पाय दुमडून घेत आणि दुसरा हलवत राहत.

तुम्हाला माझी नोकरी ठाऊक आहे. नगरपरिषदेत मी आस्थापना विभाग सांभाळत असे. म्हणजे माणसांच्या नेमणुका, रजा, बढत्या आणि भांडणं. निवृत्तीनंतर मला चौकशी अधिकारी म्हणून बोलावणं येऊ लागलं. सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यावर आरोप झाला, तर त्याला शिक्षा करण्याआधी रीतसर चौकशी करावी लागते. एक सादरकर्ता अधिकारी सरकारची बाजू मांडतो. कर्मचाऱ्याला आपल्या बाजूने बोलायला एक बचाव सहाय्यक आणता येतो, नोकरीतला किंवा निवृत्त. आमच्या भागात तो सहाय्यक म्हणजे बहुतेक वेळा वत्सलाबाईच. पोलिसातून हवालदार म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि वालावलला राहत होत्या. शिपाई, सफाई कामगार, आरोग्यसेविका, होमगार्ड, कोणीही संकटात सापडला की लोक त्याला सांगत, "वालावलाक जा."

त्या उंच होत्या, आवाज त्याहून उंच. अंबाड्यात आबोलीचा वळेसर असे, घरच्या झाडाच्या फुलांचा गजरा. चौकशीच्या खोलीत शिरल्या की आधी पंखा बंद करत, कारण पंख्याखाली साक्षीदार खोटं बोलतात, असं त्यांचं म्हणणं होतं. "घाम इलो की माणूस खरा बोलता, बाईनू." मग सगळ्यांना घाम फुटला की स्वतःच म्हणत, "लावा रे पंखो, मरतलंव हय."

त्यांचं एक वाक्य जिल्ह्यातल्या कचेऱ्यांना पाठ होतं. कोणी साहेब म्हणाले की असं चालत नाही, असा नियम नाही, की या शांतपणे म्हणायच्या, "असेल साहेब. प्रत द्या." कचेरीत त्या शुद्ध मराठी बोलत आणि उंबरा ओलांडला की मालवणी. मध्येच राग आला तर उंबऱ्याच्या आतसुद्धा मालवणी.

पोलिसात असताना त्यांच्या रजेच्या अर्जांची ख्याती होती. रजेचं कारण लिहायचं तिथे सगळे जण एकच लिहीत: आईची प्रकृती बरी नाही. त्या काळात आमच्या जिल्ह्यातल्या पोलिसांच्या आया फार आजारी असत. वत्सलाबाई लिहीत, "भातलावणी." एकदा लिहिलं, "भावाकडे गणपती. मोदक करायला माणूस नाही." ठाणे अंमलदार त्यांना बाजूला घेऊन समजावू लागले, "परब, आई आजारी लिहा. लगेच सही होईल."

"माझी आवस टुणटुणीत आसा. तिका कागदार कित्याक आजारी पाडू? उद्या खरीच पडली तर काय लिवतलंय?"

रजा नाकारली गेली. पुढच्या वेळी पुन्हा खरं कारण. पुन्हा नाकारली. शेवटी एका नव्या साहेबांनी सही केली आणि शेरा मारला, "कारण पटले. मोदक आणावेत." त्यांनी नेले. साहेबांची बदली होईपर्यंत दरवर्षी नेले.

दुसरी गोष्ट दरबाराची. पोलिसांचा दरबार म्हणजे वरिष्ठ साहेब येतात, सगळ्यांना ओळीत उभं करतात आणि अडचणी विचारतात. उत्तर ठरलेलं असतं, "काही अडचण नाही, सर." वत्सलाबाई तेव्हा साध्या शिपाई होत्या. नुकतीच एक मोठी जत्रा झाली होती आणि बंदोबस्ताला उभ्या असलेल्या महिला शिपायांनी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. घेतला तर जायचं कुठे? साहेब ओळीपुढून चालत आले तेव्हा त्या म्हणाल्या, "अडचण नाही सर. माहिती हवी होती. बंदोबस्तात महिलांनी पाणी पिऊ नये, असा नियम आहे का? असल्यास प्रत मिळावी."

साहेब पुढे गेले, थांबले, मागे आले. "असा नियम नाही," म्हणाले. "मग सर, पाणी प्यायल्यावर पुढचं काय करायचं, त्याचा तरी असू दे." पुढच्या जत्रेत देवळाजवळच्या एका घरातली खोली आणि न्हाणीघर महिला पोलिसांसाठी घेतलं गेलं. त्या घरच्या म्हातारीने सगळ्यांना सोलकढी दिली. वत्सलाबाईंना मात्र त्या जत्रेचा बंदोबस्त मिळाला नाही. त्यांना मुद्दाम दूरच्या नाक्यावर उभं केलं होतं. हे सांगताना त्यांना सगळ्यात जास्त हसू येई. "खोली मी मागलंय, नि सोलकढी दुसऱ्यांनी पिली!"

आमची मैत्री होणं कठीण होतं, कारण नियम. मी चौकशी अधिकारी आणि त्या एका बाजूच्या. मी कुडाळला राहणारी, त्या वालावलहून कुडाळला येणार, आणि सुनावणीसाठी मालवणला जाणारी एसटी एकच. सुनावणीच्या दिवशी मी पुढच्या सीटवर बसे आणि त्यांच्याशी बोलत नसे. त्या मागच्या सीटवर बसत. कंडक्टरला हे कोडं पडे.

"वत्सलाताय, पुढे बसा मां. काकी येकट्याच आसत."

"नको रे. आज ते न्यायाधीश आसत. माझ्या वांगडा बसले तर त्यांचो न्याय बाटतलो." मग मला ऐकू जाईल अशा आवाजात त्या कंडक्टरला विचारत, "काकींका सांग, खिडकी लावन घेवा म्हणान. मागे वारो लागता." मी खिडकी लावून घेई. तेवढा संवाद नियमात बसतो, असं मी ठरवलं होतं.

आता दाजी गावड्याची गोष्ट. तिच्यासाठीच खरं म्हणजे हे लिहिते आहे.

आमच्याकडे काही गावांत गावपळण असते, हे तुमच्या आईने तुम्हाला कधीतरी सांगितलं असेल. काही वर्षांनी एकदा ग्रामदेवतेचा कौल घेतात आणि देवाने हुकूम दिला की सगळं गाव तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतं. म्हातारी, तान्ही मुलं, गाई-म्हशी, कोंबड्या, कुत्री, सगळे. वेशीबाहेर राहुट्या उभ्या राहतात, चुली पेटतात, भजनं होतात. गावात माणूस नाही, जनावर नाही. तीन दिवसांनी पुन्हा कौल आणि मग परत.

दाजी अशाच एका गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात परिचर होता. डॉक्टरची जागा रिकामी होती. शेजारच्या गावचे डॉक्टर आठवड्यातून एकदा येत. बाकी दिवस दवाखाना म्हणजे दाजी. गावपळण लागली तसा त्याने दवाखान्याला कुलूप लावलं, औषधांची पेटी डोक्यावर घेतली आणि गावाबरोबर वेशीबाहेर गेला.

नेमके त्याच दिवशी तालुक्याचे नवे साहेब तपासणीला आले. साहेब घाटावरचे, सज्जन, पण इथे येऊन महिनासुद्धा झाला नव्हता. त्यांना गावपळण हा शब्दही ठाऊक नव्हता. दवाखान्याला कुलूप पाहून ते परत गेले आणि दाजी निलंबित झाला. आरोप दोन: परवानगीशिवाय मुख्यालय सोडून गैरहजर राहिला आणि शासकीय औषधं बाहेर नेली. कागद वर जात जात प्रस्ताव झाला बडतर्फीचा. निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली. नोकरी अशी गेली असती तर पेन्शनही गेली असती. दोन मुली शिकत होत्या.

पुढचं मला नंतर कळलं. दाजीचा मेहुणा एका डॉक्टरकडे कामाला होता. त्याने ताप आल्याचा दाखला मिळवून दिला: तीन दिवस अंथरुणावर. तो दाखवला असता तर गैरहजेरी आजारपणात जमा झाली असती, पेटीचा विषय कोणी फार ताणला नसता आणि प्रकरण किरकोळ दंडावर मिटलं असतं. दाजी तो दाखला घेऊन वालावलला गेला.

"ताप खंय इलो तुका?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"राहुटीत."

"किती?"

दाजी दाखल्यावर आकडा शोधू लागला.

"अरे, तू तीन दिवस ढोरांचा बघी होतंस. रातचो कोणाची गाय अडली ती सोडवलंस. आता तू अंथरुणार होतंस म्हणशात तर ता वासरू काय आपणच भायर इला?"

दाजी खरं सांगायला तयार झाला. पण दुसऱ्या दिवशी त्याची बायको सुमन आली आणि ओसरीवर उभ्या उभ्याच बोलली, "ताई, खोटा बोलान नोकरी ऱ्हवता, खऱ्यान जाता. तुमका काय? तुमची पेन्शन चालू आसा."

ते वत्सलाबाईंना लागलं, असं त्या मला नंतर म्हणाल्या. खरं बोलायची हौस त्यांची आणि किंमत सुमनच्या घराची. त्यांनी तिला बसवलं, घावणे घातले, आणि ती खात असताना म्हणाल्या, "खोटा सांगल्यान तर दर गावपळणीक ताप आणूक व्हयो. त्याच्या मागसून जो येतलो तेका पण. ह्या खेपेक मी सांगतंय ता करून बघूया. नोकरी गेली तर माझ्या दारात येवन बस नि माका शिये घाल." शिव्या घालायला सुमन तयारच होती. "घालतलंय," ती म्हणाली आणि आणखी एक घावणा घेतला.

सुनावणी सुरू झाली. सादरकर्ता अधिकारी तांडेल नावाचा मालवणचाच तरुण होता, कागदपत्रं रंगीत फितीने बांधून आणणारा, कामात चोख. त्याने दवाखान्याचं कुलूप, तारीख, साहेबांचा अहवाल, सगळं नीट मांडलं. मग साहेब साक्षीला आले आणि वत्सलाबाई उलटतपासणीला उठल्या. पंखा आधीच बंद होता.

"साहेब, आपण गेलात तेव्हा दवाखान्यात किती जनावरं थांबली होती?"

"एकही नाही."

"दारात कोणी शेतकरी?"

"नाही."

"रस्त्यावर माणसं?"

"नव्हती."

"कुत्रं तरी?"

साहेब आठवू लागले. "नाही. कोंबडासुद्धा नव्हता. सगळ्या घरांना कड्या."

"मगे साहेब, तुमका भ्या नाय वाटला?"

तांडेल हरकत घ्यायला उठला, पण साहेब प्रामाणिक होते. "वाटलं," ते म्हणाले. "मला वाटलं, गावात काही साथ आली आहे. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, गाडी वळवू का? मी म्हटलं, लवकर वळव." आणि ते स्वतःच हसायला लागले. तांडेलही हसला आणि मग खोकला. वत्सलाबाई मात्र हसल्या नाहीत. शुद्ध मराठीत त्यांनी विचारलं, "म्हणजे दवाखान्यात उपचार करण्यासारखं त्या गावात त्या दिवशी कोणीच नव्हतं. बरोबर? एवढीच नोंद व्हावी."

नंतर गावातली एक म्हातारी साक्षीला आली. राहुटीत तिची गाय अडली होती आणि दाजीने ती सोडवली. वासराचं नाव तिने कौल्या ठेवलं होतं. दाजीने पेटीतलं कोणतं औषध कोणाच्या जनावराला दिलं, ते एकेका शेतकऱ्याने येऊन सांगितलं. तरी तांडेलचा मुद्दा पक्का होता आणि मला तो सोडता येत नव्हता: दाजीने वरिष्ठांना आधी कळवलं का नाही? दाजी म्हणाला, "सगळ्या गावाक ठाऊक होता, मॅडम. माका वाटला, साहेबांकाय ठाऊक असतला." एवढीच त्याची चूक. आमच्या गावांत सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कोणी कोणाला कळवत नाही.

शेवटचा दिवस युक्तिवादाचा. इथे मला गाऱ्हाण्याबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे देवापुढे मानकरी मोठ्याने गाऱ्हाणं घालतो. संकट काय, मागणं काय, ते देवाला सांगतो. प्रत्येक मागणीनंतर जमलेले सगळे हात जोडून एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" हे लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं. वत्सलाबाईंचे वडील त्यांच्या गावी गाऱ्हाणं घालत. मुलीला देवळात ते कोण घालू देणार? पण चाल त्यांनी उचलली होती.

सुरुवात त्यांनी शुद्ध मराठीत केली. नियम, कर्तव्य, मुख्यालयाची व्याख्या. मग आवाज चढत गेला, एक हात वर गेला आणि मला काही कळायच्या आत भाषा बदलली.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझो चाकर दाजी गावडो तुझ्या पायाकडे उभो आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा दाजी.

"तुझ्या हुकमान गाव भायर पडलो, ढोरां-वासरां भायर पडली, त्यांच्या वांगडा ह्योय भायर पडलो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता टंकलेखकही, आणि दारातून चहा घेऊन येणारा शिपाईही. त्याने हात जोडायला ट्रे खाली ठेवला.

"ढोरां जंय, त्येचो दवाखानो थंय! तेणां कामात कायएक कसूर केल्यान नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी सगळ्यात मोठा आवाज तांडेलचा होता. हात जोडलेले, डोळे मिटलेले. खोलीतले सगळे त्याच्याकडे पाहत होते. तांडेलने डोळे उघडले आणि तो कानापर्यंत लाल झाला.

"मॅडम, ते... सवयीने."

वत्सलाबाई लगेच शुद्ध मराठीवर आल्या. "सादरकर्ता अधिकाऱ्यांनी मुद्दा मान्य केला, अशी नोंद व्हावी."

"वत्सलाबाई, बसा," मी म्हटलं. टंकलेखकाने विचारलं, हे लिहायचं का? मी नाही म्हटलं. माझे हात टेबलाखाली कधी जोडले गेले होते, ते त्यांच्यापैकी कोणाला दिसलं नसावं.

त्या घोषाचा माझ्या निष्कर्षाशी काही संबंध नाही. तो साक्षींवर होता. औषधं बाहेर नेल्याचा आरोप सिद्ध झाला नाही, कारण ती जनावरांनाच दिली गेली. कामावर गैरहजर असल्याचाही सिद्ध झाला नाही. न कळवता मुख्यालय सोडलं, एवढं सिद्ध झालं. त्यासाठी ताकीद पुरे, असं मी लिहिलं. शिवाय शिफारस केली की गावपळणीच्या दिवसांत दवाखान्याचं काम वेशीबाहेर शिबिर म्हणून चालवावं. ती शिफारस उचलून धरणारं पहिलं पत्र कोणी लिहिलं असेल? त्याच घाटावरच्या साहेबांनी.

दाजी कामावर रुजू झाल्यावर मालवणहून परतताना वत्सलाबाई पहिल्यांदा एसटीत माझ्या शेजारी येऊन बसल्या. "ताकीद कित्याक दिलास?" त्यांनी विचारलं.

"त्याने कळवलं नव्हतं."

त्यांनी विचार केला. "ता खरा," म्हणाल्या आणि वाटेतलं कट्टा गाव यायच्या आधीच माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपल्या. कुडाळपर्यंत मी खांदा हलवला नाही.

पुढच्या गावपळणीला दाजीचं आमंत्रण आम्हा दोघींना आलं. वेशीबाहेर खाडीच्या काठाला राहुट्या होत्या. एका आंब्याखाली टेबल, पेटी आणि दवाखान्याचा फलक. दाजी एका बकरीला औषध पाजत होता आणि वत्सलाबाई तिचे पाय धरून तिलाच दटावत होत्या, "गप ऱ्हव गो, सरकारी काम चल्ला हा." घाटावरचे साहेब बायकोला घेऊन आले होते आणि वडे-सागोतीच्या तिसऱ्या वाढपाला नको म्हणत नव्हते. सुमनने आम्हाला बळजबरीने जेवू घातलं. वत्सलाबाईंना वाढताना म्हणाली, "शिये घालूचे ऱ्हवले हां ताई." "घाल मगे आता, जेवताना बरे लागतत."

ऊन कलल्यावर बायकांची फुगडी सुरू झाली. वत्सलाबाईंनी चष्मा आणि पर्स माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि त्या घाटावरच्या साहेबांच्या बायकोला ओढून मध्ये घेऊन गेल्या. सत्तरी ओलांडलेली ती बाई पाय जुळवून, मागे झुकून गरगर फिरत होती आणि समोरची बिचारी "अहो, पुरे, अहो, पुरे" म्हणत हसत होती. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं. त्या पावसाळ्यात त्या गेल्या. झोपेतच, फार त्रास न होता.

दाजी आता निवृत्त झाला आहे. त्याच्या जागी नवीन मुलगी आली आहे. गावपळण लागली की ती आधी तालुक्याला कळवते, पेटी घेते आणि गावाबरोबर वेशीबाहेर जाते. त्या तीन दिवसांची तिची हजेरी लागते.

तुमची,
आजी